परिवीक्षा आणि बालकाची सुरक्षितता

मृत्युदंडास किंवा आजन्म कारावासास पात्र असे अपराध अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ याच्या कलम ४ ने वगळले आहेत. ही कसोटी कमाल शिक्षेची आहे. पीडित कोण, हा प्रश्न तीत उद्भवत नाही. बालकावरील गंभीर लैंगिक हल्ल्यास २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यात ५ ते ७ वर्षांचा कारावास आहे. तेव्हा केवळ कलम ४ च्या शब्दांनी तो वगळला जात नाही. अडसर येतो तो किमान शिक्षेचा आणि विसंगतीच्या प्रसंगी त्या कायद्यास वरचढ ठरविणाऱ्या कलम ४२अ चा. मूळ उणीव मात्र याहून खोल आहे. परिवीक्षा अधिकारी चौकशी करतो ती अपराध्याच्या परिस्थितीची व गृहस्थितीची. पीडिताचे स्थान कलम ५ च्या नुकसानभरपाईपुरते उरते. सुधारणेचे तत्त्व त्याज्य नव्हे; परंतु अपराधी ज्या घरी परतावयाचा, तेथील मुलाची सुरक्षितता न्यायालयाच्या विवेकावर न सोपविता कायद्यानेच अट म्हणून घालावयास हवी.