वयाकडे बघून दिलेले मार्क

जतच्या स्टँडवरून सकाळच्या एस.टी.नं आम्ही परीक्षेला निघालो, तेव्हा आईच्या मांडीवर वही होती आणि ओठांत भूप. आई सेहेचाळीस वर्षांची, परीक्षा गाण्याची प्रवेशिका. रांगेत तिच्या पुढं चौथीतली मुलगी, मागं सातवीतला मुलगा. पंधरा-वीस मिनिटांत ती बाहेर आली. परीक्षक म्हणाले होते, "या वयात एवढं गाताय, खूप झालं की!" परतताना आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझा धैवत उतरत होता. सांगायला हवं होतं त्यांनी."

नंतर ती चांगल्या मार्कांनी पास झाली. ते मार्क धैवताचे की केसांतल्या पांढऱ्या बटांचे, हे मात्र तिला कधीच कळलं नाही.

आपल्याकडं गाण्याची परीक्षा मुळात अशा माणसांसाठीच उपयोगाची. कुरुंदवाडला जन्मलेले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतात आणि गाणं गुरूच्या घरातून वर्गात येतं. पुढं 1931 मध्ये त्यांच्या शिष्यपरंपरेतून अखिल भारतीय मंडळ उभं राहतं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या बनतात. सेहेचाळिसाव्या वर्षी आईला कुणा उस्तादानं गंडा बांधला नसता. परीक्षेचा फॉर्म मात्र तिला भरता आला. म्हणून या पद्धतीला नुसती नावं ठेवणं मला पटत नाही.

प्रश्न मापाचा आहे. मोठ्या माणसाला लहानांच्या फुटपट्टीनं मोजलं तर अन्याय, आणि फुटपट्टीच बाजूला ठेवली तर अपमान. दुसरं जास्त गोड लागतं, म्हणून जास्त घातक.

याच पेचातून अमेरिकेतल्या फिगर स्केटिंगवाल्यांनी एक वाट काढली. तिथं प्रौढांसाठी प्री-ब्रॉन्झ, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा वेगळ्या चाचण्या आहेत. चाळिशीच्या गुडघ्यांकडून लहान मुलांच्या उड्या मागत नाहीत. पण पात्याची धार, तोल, अंगाची ठेवण यावर परीक्षकाची नजर असतेच. कमी पडलं तर निकाल येतो 'रीट्राय', म्हणजे पुन्हा या. दया नाही, हाकलणंही नाही.

खरं तर आपल्या गाण्यात ही समज आधीपासून आहे. पट्टी ज्याची त्याची. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये. त्याचे मार्क कापत नाहीत. पण एकदा षड्ज लावला की धैवत त्याच्यापासून जिथं असायचा तिथंच असतो. त्याला वय नाही. मग मोठ्यांच्या परीक्षेतही एवढंच करावं. तानेचा वेग, दमसास यांत सवलत खुशाल द्या. सुरात आणि लयीत नको. आणि मार्कांखाली दोन ओळी लिहा: काय जमलं, काय उतरलं.

शाळकरी पोराला सर्टिफिकेट पुढं कामाला येतं. आईला त्याचा काय उपयोग? तिला नोकरी नको होती, टाळ्याही नकोत. जाणकार कानानं आपल्याला एकदा नीट ऐकावं, एवढ्यासाठी ती पहाटे उठून गेली होती.

सर्टिफिकेट कपाटात आहे. संध्याकाळी पेटी उघडून ती अजून धैवत शोधते.