यादीत नाही म्हणजे नव्हतंच का?
सिगारेटसोबतच्या रेशमी तुकड्यांच्या याद्या आणि आपण

सुरुवात एका कबुलीने करतो. दोन वर्षांपूर्वी बडोद्यातल्या एका घरातून एक काकू जुनं छापील लेबल घेऊन आमच्या बैठकीला आल्या होत्या. कापडाच्या ताग्यावर लावायचे तसलं, देवीचं चित्र असलेलं. मी तेव्हा अशा लेबलांची यादी करत होतो. यादी उघडली, त्यात ते चित्र नव्हतं. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकलं, "काकू, हे नंतरचं छापील दिसतंय, मूळ मालिकेत नाही." त्यांनी ते घरी नेलं आणि पुढे आवराआवरीत रद्दीत गेलं. आठ-नऊ महिन्यांनी दुसऱ्या एका वाड्यात, जुन्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं अगदी तेच लेबल मला दिसलं. चूक काकूंची नव्हती, यादीची होती. आणि यादी माझी होती.

तेव्हापासून दुसरीकडे याद्या कशा करतात ते मी वाचायला लागलो. त्यात एक विषय असा सापडला की ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही, पण दुखणं तेच आहे: अमेरिकेत सिगारेटसोबत मिळणारे बेसबॉल खेळाडूंचे रेशमी तुकडे. या लेखात त्यांच्या याद्यांची परीक्षा आहे.

आधी वस्तू काय ते सांगतो. साधारण १९१० च्या आगेमागे अमेरिकन टोबॅको कंपनी आपल्या सिगारेटसोबत चित्रांची कार्डं देत असे, तसेच साटिनचे छापील तुकडेही देत असे. झेंडे, पक्षी, नट्या, खेळाडू असे विषय. गिऱ्हाईक पुरुष, पण तुकडा घरी गेला की बायका तो उशीच्या अभ्र्याला, टेबलक्लॉथला, गोधडीला लावत. आपल्याकडे चिंध्यांची गोधडी शिवतात तशीच, फक्त चिंधीवर खेळाडूचा चेहरा. म्हणजे ही वस्तू जपण्यासाठी नव्हतीच, वापरण्यासाठी होती. ती कापली गेली, धुतली गेली, उन्हात विटली. यादी करणाऱ्याने हे पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवं.

या तुकड्यांना आज संग्राहक 'एस-७४' म्हणतात. हा क्रमांक कंपनीचा नाही. तो जेफरसन बर्डिक या गृहस्थांनी दिला. बर्डिक न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात विद्युत साहित्याच्या कारखान्यात नोकरी करत. इतिहासाची पदवी वगैरे काही नाही, म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटतो. १९३९ साली त्यांनी कार्डांची पहिली सूची काढली. पुढे ती 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' नावाने १९४६, १९५३ आणि १९६० मध्ये सुधारून निघाली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'टी', रेशमी तुकड्यांना 'एस', जाड लोकरी कापडाच्या तुकड्यांना 'बी'. तीन लाखांवर वस्तूंचा आपला संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. संधिवाताने हात धरलेले असताना वर्षानुवर्षं तिथे बसून स्वतः अल्बम लावले आणि १९६३ च्या जानेवारीत काम संपवून मार्चमध्ये ते वारले. असं काम करणाऱ्या माणसावर टीका करताना आधी नमस्कार केला पाहिजे. तो केला.

आता टीका. बर्डिक यांचा क्रमांक म्हणजे कपाटाच्या खणाला लावलेली चिठ्ठी. खणात नेमकं काय आणि किती, याची हमी त्या चिठ्ठीत नाही. पण पुढच्यांनी चिठ्ठीलाच हमी समजून घेतलं. एस-७४ या एका खणात दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक पांढऱ्या साटिनवरचे तुकडे, ज्यांच्या पाठीला जाहिरातीचा कागद चिकटवलेला असे. दुसरे रंगीत, त्यातल्या काहींच्या काठाशी सिगारेटचं नाव कापडावरच छापलेलं. घडण वेगळी असताना क्रमांक एक. पुढे संग्राहकांनी एकाचे दोन उपक्रमांक केले, ते योग्यच झालं.

मी तीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंग आणि पार्ट लिस्ट तपासल्या. तिथला पहिला धडा असा की पार्ट लिस्टमध्ये लिहिलेला भाग आणि मशीनमध्ये बसलेला भाग यांची गाठ घातल्याशिवाय सही करायची नाही. त्या सवयीने या याद्यांना मी चार प्रश्न विचारतो.

पहिला: मोजलं काय? तुकड्यांवर क्रमांक नाहीत, त्यामुळे 'पूर्ण संच' ही कल्पना नंतरची. १९१४ चे 'बी-१८' हे लोकरी तुकडे पाहा. यादी सांगते ९० खेळाडू. पण त्याच खेळाडूचा तुकडा मैदानाच्या वेगवेगळ्या रंगात मिळतो: डेट्रॉइटच्या खेळाडूंच्या तुकड्यांत मैदान कुठे पांढरं, कुठे तपकिरी. न्यूयॉर्कवाल्यांत कुठे हिरवं, कुठे निळं. खेळाडू मोजले तर ९०, छपाया मोजल्या तर आकडा बराच वर जातो. दोन्ही आकडे खरे. पण यादीच्या डोक्यावर आपण काय मोजलं ते लिहिलेलं नसेल तर दोन्ही निरुपयोगी.

दुसरा: साल कशावरून? एस-७४ च्या पुढे कुठे १९०९ ते ११, कुठे १९१० ते ११, कुठे नुसतं १९११. यातली चित्रं सोनेरी काठाच्या 'टी-२०५' या कार्डांसारखी आहेत, आणि ती कार्डं १९११ ची. मग १९०९ कुठून आलं? तुकडे आधी आणि कार्डं नंतर, असं असेल तर तसा पुरावा दाखवा. नसेल तर १९०९ पुढे निदान प्रश्नचिन्ह टाका. साल हे सोयीसाठी लिहायचं नसतं.

तिसरा: बघितलं कुणी? सगळ्यात नाजूक प्रश्न हाच. भावंडं असलेल्या संचात मोह होतो: कार्ड आहे, म्हणजे तुकडाही असणार. एकाने अंदाजाने लिहिलं की दुसरा उतरवून घेतो, तिसऱ्याकडे जाईपर्यंत ती वस्तुस्थिती होते. स्पेलिंगचंही तसंच. टी-२०५ मध्ये हॉब्लिट्झेल या खेळाडूच्या नावात शेवटी कुठे एक 'एल', कुठे दोन. असा फरक यादीत आला की तो कापडावर पाहून लिहिला की कार्डावरून उतरवला, हे कळायला हवं.

चौथा: 'नाही' हे कशाच्या जोरावर? 'टी-२०६' या प्रसिद्ध संचात जो डॉयल नावाचा खेळाडू आहे. तो अमेरिकन लीगच्या संघाचा, पण न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघात लॅरी डॉयल होता. त्या गोंधळात काही कार्डांवर नॅशनल लीगचं नाव छापलं गेलं आणि लगेच सुधारलं. चुकीच्या छपाईच्या फारच थोड्या प्रती उरल्या आणि त्या संग्राहकांच्या ध्यानात बऱ्याच उशिरा आल्या. जगात सगळ्यात जास्त तपासलेल्या संचाची ही गत. मग गोधडीत शिवलेल्या, काठ कापलेल्या, पाठीचा कागद निघून गेलेल्या साटिनबद्दल कुणी ठामपणे 'हा निघालाच नाही' कसं म्हणणार? पांढऱ्या तुकड्याचा कागद गेला की सिगारेटचं नाव सांगणारा साक्षीदारच गेला. तरी रकाना रिकामा ठेवायला कुणाचा हात धजत नाही.

यावर कुणी म्हणेल, छंदाच्या गोष्टीत इतका काथ्याकूट कशाला? नुकसान दोन्ही बाजूंनी होतं म्हणून. यादीत खोटी नोंद असेल तर माणूस नसलेल्या वस्तूच्या मागे आयुष्यभर फिरतो, आणि ती जागा भरायला बनावट माल तयार होतो. खरी नोंद राहून गेली असेल तर खरी वस्तू 'खोटी' ठरून उकिरड्यावर जाते. काकूंच्या लेबलाचं तेच झालं.

एक मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो. या याद्यांचा मोठा गुण म्हणजे त्या उघड्या आहेत. चूक सापडली की कुणीतरी बोलतं, वाद होतो, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते. बर्डिक यांनी स्वतः आपली सूची तीनदा सुधारली. आपल्याकडे मात्र एखाद्या जाणकाराची यादी एकदा छापली की तिला हात लावणं म्हणजे त्यांचा अपमान, असं आपण धरून चालतो. बडोद्यात हे मी पाहिलंय, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी आपापलं तपासावं.

माझ्यापुरतं मी काय केलं ते सांगतो. लेबलांच्या यादीत तीन रकाने वाढवले: स्वतः पाहिलं की ऐकलं, कुठे आणि कधी पाहिलं, मागची बाजू पाहिली का. ते भरायला बसलो तर जवळपास एक तृतीयांश नोंदींपुढे 'पाहिलं' लिहिता येईना. त्या खोडल्या नाहीत, वेगळ्या पानावर ठेवल्या. तेवढ्याने यादी बारीक दिसायला लागली आणि दोन मित्र नाराजही झाले, कारण त्या नोंदी त्यांनी सांगितलेल्या होत्या.

काकूंचं लेबल पहिल्या पानावर आहे. 'पाहिलं' या रकान्यात होय लिहिलंय, आणि पुढे लिहिलंय: प्रत आता उपलब्ध नाही, कारण नोंद करणाऱ्याने ती ओळखली नाही.