मृत्युकारणांची परिभाषा : एक चिकित्सा

इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. ह्या नोंदींचे संकलक विल्यम फार ह्यांनी १८३९ च्या पहिल्या वार्षिक अहवालात मृत्युकारणांची सारणी दिली. तीत 'उपासमार' ह्या सदराखाली ६३ मृत्यू होते. आकडा लहान, परंतु दारिद्र्य-कायदा आयोगाचे सचिव एडविन चॅडविक ह्यांनी त्या सदरासच हरकत घेतली. १८३४ च्या कायद्यानुसार गरजूंना मदत शक्यतो दरिद्रगृहातच, म्हणजे वर्कहाउसमध्येच, मिळावयाची होती. तरीही माणसे भुकेने मरतात, असे सरकारी कागदाने म्हणणे आयोगास परवडणारे नव्हते.

तथापि हा वाद केवळ स्वार्थाचा मानणे एकांगी ठरेल. रोगाचे मूळ घाण व दूषित हवा ह्यांत आहे, अशी चॅडविक ह्यांची धारणा होती. १८४२ च्या त्यांच्या अहवालाने सांडपाण्याच्या प्रश्नास चालना दिली, हे निर्विवाद आहे. उलटपक्षी, भूक क्वचितच थेट मारते, ती बहुधा रोगाच्या रूपाने प्रकट होते, असे संकलकांचे प्रतिपादन होते. ते अधिक मर्मग्राही होय.

परंतु त्यांच्याच सारणीत ह्या प्रतिपादनास जागा नव्हती. पुढील वर्गीकरणात उपासमार ही हिंसा, थंडी व मद्यातिरेक ह्यांच्या पंक्तीस बसली. म्हणजे ती अपघातवत् ठरली. अर्धपोटी मनुष्य दरिद्रगृहात क्षयाने मेला, तर रकान्यात 'क्षय' एवढेच नाम उरे. नामाला कर्ता नसतो. कोणी काय केले वा केले नाही, हे त्यातून कळत नाही. १८६५ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या चौकशीने लंडनच्या दरिद्रगृहांतील रुग्णशुश्रूषेची दुरवस्था उघड केली. मृत्युकारणांच्या रकान्यांवरून ती कळण्यासारखी नव्हती.

'टायफस' ह्या संज्ञेचेही असेच. १८६९ पर्यंत राष्ट्रीय सारणीत तिच्यात टायफॉइडही अंतर्भूत होता. पहिला रोग उवांमुळे, तर दुसरा दूषित अन्नपाण्यातून पसरतो. त्यापूर्वीचे आकडे जसेच्या तसे घेऊन गर्दी व पाणी ह्यांपैकी कोणास किती दोष द्यावा, हे ठरविता येणार नाही.

सारांश, मृत्युकारण ही वस्तुस्थितीची नोंद असते, तसाच तो एक निर्णयही असतो. रकान्यातील शब्द तपासल्याविना त्यांची बेरीज करणारा अभ्यासक तो निर्णय नकळत आपला म्हणून स्वीकारतो. आणि ज्यांच्या भुकेला रकाना मिळाला नाही, ते त्याच्याही गणनेतून निसटतात.