दाखवलेली पायरी : वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’

शहाद्याकडची एखादी सभा डोळ्यांसमोर आणा. मंडपवाल्याने लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून वर सतरंजी अंथरली आहे. ओळीने खुर्च्या, मधल्या दोन खुर्च्यांवर टर्किश टॉवेल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि हारांची परात. खाली ताडपत्रीवर पाड्यापाड्यांवरून आलेली माणसे. कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, कोणी पायी. कोणी कुठे बसायचे हे इथे कोणालाच विचारावे लागत नाही. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही छोटी कविता या न विचारण्याविषयी आहे.

वाहरू हे शहादा परिसरातले भिल्ल कवी, श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. ‘गोधड’ हा त्यांचा कवितासंग्रह. शहादा आज ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. कवितेमागचा काळ त्याच्या आधीचा आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनी कर्जापायी भिल्लांच्या हातून गेल्या आणि त्याच जमिनींवर ते सालदार म्हणून राबू लागले. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी असा सालाचा करार. १९७१ च्या मे महिन्यात जमीनदार आणि भिल्ल यांच्यातल्या संघर्षाचे पाटीलवाडीचे प्रकरण घडले. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याभोवती माणसे गोळा होत होतीच. शहरांतून शिकलेले तरुणही येऊन मिळाले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी, मजुरी, सालदारकी या प्रश्नांवर मोर्चे निघाले, बायकांनी दारूची मडकी फोडली. सभा झाल्या, म्हणजे स्टेजही आले.

कविता सांगते ती घटना अगदी साधी आहे. काही माणसे स्टेजवर जात नाहीत, त्यांना कोणी बोलावतही नाही. बोटाने त्यांची पायरी दाखवली जाते, तिथे ती बसतात आणि बसल्याबद्दल शाबासकी मिळवतात. वरचे लोक खालच्यांना खालच्यांचेच दुःख समजावून सांगतात. खाली शंकेची कुजबुज होते, ती वर ऐकू जाते, आणि शेवटी दम मिळतो. एवढेच. प्रतिमा नाही, अलंकार नाही, संताप तर नाहीच.

पहिली जाणवते ती शब्दांची निवड. कवीने ‘व्यासपीठ’ म्हटलेले नाही. व्यासपीठात व्यास आहेत, ग्रंथ आहे, सांगणाऱ्याचा अधिकार आधीच मान्य झालेला आहे. ‘स्टेज’ हा मंडपवाल्याचा, गावातल्या पोरासोरांच्याही तोंडचा शब्द. तो वापरताच उंचीचे सगळे मोठेपण गळून पडते आणि उरतात चार फूट वर टाकलेल्या फळ्या. खाली बसलेल्या माणसाला ती उंची अशीच दिसते.

पण कवितेचा कणा आहे ‘पायरी’ या शब्दात. मराठीत पायरी जिन्याची असते आणि माणसाचीही. पायरी ओळखून वागावे, पायरी सोडून बोलू नये, फारच झाले तर पायरी दाखवून द्यावी. जातीची अख्खी शिस्त या तीन वाक्प्रचारांत येते. पंढरपूरला महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी. नामदेवांनी ती पायरी आपण होऊन मागितली, संतांची पायधूळ लागावी म्हणून, असे परंपरा सांगते. चोखोबांची बाहेरची जागा मात्र जातीने ठरवलेली होती. ‘मूकनायक’च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यांचा मनोरा म्हटले. वाहरूंच्या कवितेत पायरी आहे, पण ती चढण्यासाठी नाही, बसण्यासाठी आहे. भिल्ल तसे चातुर्वर्ण्याच्या उतरंडीबाहेरचे. तरी शेताच्या बांधावर आणि सभेच्या मंडपात त्यांच्यासाठी एक पायरी तयारच होती.

सातपुड्यातली होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट अधिक बोचेल. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला मोरपिसांचे टोप घातलेली, कमरेला भोपळे बांधलेली माणसे ढोलावर रात्रभर नाचतात. रिंगण असते, आणि रिंगणाला वरची बाजू नसते. तिथून आलेल्या माणसाला मंडपात बोटाने जागा दाखवली जाते, तेव्हा त्याच्यासाठी ती नवी शिकवण असते. शाबासकी मिळते ती हे शिकल्याची.

आता स्टेजवरचे ‘ते’ कोण? कवीने या सर्वनामाला अवतरणात ठेवले आहे, नाव दिलेले नाही. ते जमीनदार असते तर कविता सोपी झाली असती. जमीनदार सालदाराचे दुःख सांगायला स्टेजवर चढत नाही. दुःख सांगतो तो कैवारी, पुढारी, क्वचित सोबतीही. चळवळीतल्या कवीने बोट आपल्याच मंडपाकडे वळवावे, हे या कवितेचे धाडस आहे. कैवाऱ्याच्या कळवळ्यावर ती शंका घेत नाही. दुःख ऐकून, सांगून, त्यावर भाषणे देऊनही ते ज्याचे त्याच्याकडेच राहिले, ही नोंद ती करते. शिक्षणाने सुधारलेल्या मंडळींना ही नोंद शिवीपेक्षा जास्त लागते.

शेवटाकडे एकच अवयव दोनदा येतो : कान. खाली कुजबुज सुरू होते तेव्हा वरचे कान टवकारतात. वाचकाला क्षणभर वाटते, आता कोणीतरी ऐकणार. एक सुस्कारा येतो. आणि लगेच खालच्यांचे कान धरले जातात. टवकारलेल्या कानांपासून धरलेल्या कानांपर्यंतचा हा प्रवास चार-पाच ओळींचा आहे. ऐकणे आणि पाळत ठेवणे यांत किती थोडे अंतर असते, ते त्यात दिसते. कुजबुज तरी कशाची? मागणीची नाही, बंडाची नाही, नुसत्या शंकेची. तिच्यासाठी माफी मागायला सांगितले जाते आणि कविता अर्धवट धमकीवर थांबते. धमकी पूर्ण करायची गरज नसते, कारण पुढचे काय ते ऐकणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

कविता भिल्लीत नाही, प्रमाण मराठीत आहे, याची कोणाला खंत वाटेल. मला ती निवड नेमकी वाटते. स्टेजवरच्यांना कळेल अशाच भाषेत त्यांचे त्यांना ऐकवायचे होते. लिहिलेले तेवढेच साहित्य नव्हे, अशी मांडणी वाहरूंनीच केली आहे. १९९० मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून बोलताना. म्हणजे स्टेजवरून!

मग कविता जुनी झाली का? २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातले शंभरातले सुमारे एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. जिल्ह्यातले चारही विधानसभा मतदारसंघ आणि नंदुरबार लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. टर्किश टॉवेलच्या खुर्चीवर आता आदिवासी माणूसही बसतो, आणि ते महत्त्वाचेच आहे. पण ‘ते’ला नाव न देऊन कवीने ती खुर्चीही कवितेच्या कक्षेत आणून ठेवली आहे. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला पोरे नाचून घामाघूम होऊन खाली बसतात आणि मग मान्यवरांची भाषणे सुरू होतात, तेव्हा कविता पुन्हा ताजी होते.

वर कोण बसले आहे, हे मोजायला कागद पुरतो. खालून कोणी शंका घेतली तर त्याला माफी मागावी लागते का, हे सभेत बसूनच कळते. पुढच्या सभेला जाल तेव्हा भाषण थोडे कमी ऐका आणि ताडपत्रीवरची कुजबुज ऐका.