‘सी’ कुठून आणलात?

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांशी बोलण्याचा मला अधूनमधून योग येतो. पुराचे गणित कसे करता, असे विचारले की फळ्यावर हमखास एक सूत्र येते: क्यू = सी × आय × ए. क्यू म्हणजे कमाल विसर्ग, आय म्हणजे पावसाची तीव्रता, ए म्हणजे पाणलोटाचे क्षेत्रफळ. आणि सी? पडलेल्या पावसापैकी किती वाटा वाहून जातो ते सांगणारा अपधाव गुणांक. तो कुठून आणलात, असे पुढे विचारले की उत्तर मिळते, “सर, तक्त्यातून.”

पाठ्यपुस्तकातले हे प्रकरण नेमके इथेच कमी पडते, असे माझे मत आहे. सूत्र वाईट नाही. एक चौरस किलोमीटर वस्ती, ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि सी ०.५ धरा, सेकंदाला सुमारे साडेतीन घनमीटर पाणी येईल. एवढ्या थोड्या माहितीवर एवढे सांगणारे सूत्र टाकून देण्यासारखे नाही. पण तक्त्यात डांबरी रस्त्याला ०.७० ते ०.९५, वालुकामय जमिनीवरच्या सपाट हिरवळीला ०.०५ ते ०.१० असे आकडे छापले, की सी हा लोखंडाच्या घनतेसारखा गुणधर्म वाटू लागतो. तो तसा नाही. जूनच्या पहिल्या सरी पिऊन टाकणारे शाळेचे मैदान ऑगस्टच्या झडीत बरेचसे पाणी बाहेर टाकते. मैदान तेच, सी वेगळा. पुस्तकातल्या उदाहरणात मात्र ‘सी = ०.५ धरा’ एवढेच असते. कोणी धरायचा, काय पाहून धरायचा, याची चर्चा नाही.

ही चर्चा टाळल्याची किंमत मोठी असते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि सी ०.५ धरून आखलेल्या होत्या. म्हणजे अर्धा पाऊस वाहिन्यांत येणारच नाही असे गृहीत होते. पुढे माती सिमेंट-डांबराखाली गेली, वाहिन्या तेवढ्याच राहिल्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर आणि सी १ धरायला सांगितले. आपल्या त्याच चौरस किलोमीटरमधून आता सेकंदाला सुमारे १४ घनमीटर पाणी निघते. चौपट! त्यातली निम्मी वाढ पावसाची, निम्मी सीची.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो कोणत्याच वाहिनीला पेलला नसता, हे मान्य करायला हवे. पण त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर पडला. मग या शहराचा ‘आय’ कोणता? सूत्र लहान क्षेत्रापुरतेच आहे आणि तिथे पाऊस सर्वत्र सारखा पडतो असे धरलेले आहे, ही अट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते आणि परीक्षेत ती कोणी विचारत नाही.

हे सूत्र आयर्लंडच्या मल्व्हेनी या अभियंत्याच्या १८५१ च्या निबंधातले मानले जाते. गंमत अशी, की त्या निबंधाचा विषय आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक आणि पूरमापक हा होता. पुस्तकांनी सूत्र ठेवले, मापक सोडून दिला.

तो शाळेत परत आणता येईल. छपराच्या एका भागाची पन्हळ पिंपात सोडा. छपराचे क्षेत्रफळ उतारावरून मोजू नका, खाली जमिनीवर जेवढी जागा झाकली जाते तेवढे घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. समजा, २० चौरस मीटर छपरावर ८ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी १६० लिटर. पिंपात १२० लिटर मिळाले तर सी ०.७५. हाच प्रयोग कौलांवर पहिल्या सरीला आणि मग आठवडाभराच्या संततधारेनंतर करावा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. पन्हळ गळत असेल तर ती आधी बुजवा, नाहीतर मुले गळतीच मोजत बसतील.