विजया आणि जीर्ण वेदना : पुराव्याचे परीक्षण

जवळजवळ एकाच पुराव्यावरून दोन प्रतिष्ठित संस्थांनी परस्परविरोधी निर्णय द्यावेत, हा प्रकार ज्ञानाच्या क्षेत्रात अगदीच अपूर्व नव्हे. परंतु तो जेव्हा घडतो तेव्हा पुराव्याइतकीच निर्णयाची कसोटीही तपासून पाहणे अगत्याचे ठरते. गांजाच्या झाडापासून मिळणारी द्रव्ये जीर्ण वेदनेवर उपयोगी पडतात की नाही, या प्रश्नाबाबत नेमके असेच घडलेले आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींच्या समितीने जानेवारी २०१७ मध्ये, प्रौढांच्या जीर्ण वेदनेवर ही द्रव्ये परिणामकारक असल्याचा भरीव पुरावा उपलब्ध आहे, असा निर्वाळा दिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील ‘नाइस’ या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने, मादक घटक असलेली ही औषधे जीर्ण वेदनेसाठी देऊ नयेत, असे सांगितले. मार्च २०२१ मध्ये वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनाशमनार्थ यांच्या सर्वसाधारण वापरास आपला पाठिंबा नाकारला; आणि त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका तज्ज्ञमंडळाने, रूढ उपचार अपुरे पडल्यास श्वासावाटे घेण्याखेरीज अन्य रूपात हे औषध वापरून पाहावे, अशी सौम्य शिफारस केली.

या मतभेदाचे कारण पुराव्याची उणीव एवढेच नाही. पुराव्याने काय सिद्ध करावयाचे आहे, हे प्रत्येकाने मनाशी वेगवेगळे ठरविले आणि ते पुरेसे स्पष्ट करून सांगितले नाही, हे त्याहून मोठे कारण आहे. हे विधान सिद्ध करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘गांजा’ या एका नावाखाली वैद्यकीय वाङ्मयात निदान चार निराळ्या वस्तू वावरतात : झाडाची वाळलेली फुले, त्यांचा अर्क, त्यातून वेगळे काढलेले एखादे रसायन, आणि त्या रसायनाच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनविलेले औषध. १९६४ मध्ये रफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हा मुख्य मादक घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. कॅनाबिडायॉल हा दुसरा प्रमुख घटक तशी गुंगी आणीत नाही. नॅबिलोन हे कृत्रिम औषध, तर नॅबिक्सिमॉल्स हा तोंडात फवारावयाचा अर्क. यांपैकी एकावर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्यास लावणे म्हणजे अफूचे गुण मॉर्फिनवरून अथवा मॉर्फिनचे अफूवरून ठरविण्यासारखे आहे.

‘वेदना’ या शब्दाची स्थितीही तीच आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुनःपुन्हा उद्भवणारी ती जीर्ण वेदना, अशी व्याख्या आता सर्वमान्य आहे. पण झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे, मधुमेहाने बिघडलेल्या मज्जातंतूंची आग, आणि कोठेही इजा आढळत नसताना सर्वांगात भरून राहिलेला ठणका, हे तीन प्रकार कालमानाने सारखे असले तरी कारणाने भिन्न आहेत. आपल्या भाषेत कळ, सणक, ठणका, चमक, शूळ, ठसठस असे कितीतरी शब्द आहेत, आणि रोगी ते एकमेकांऐवजी वापरीत नाही. प्रयोगात मात्र त्याला शून्य ते दहा यांमधला एक अंक सांगावा लागतो. अंकाशिवाय तुलना अशक्य आहे हे मान्यच. तथापि अंकात जे मावत नाही ते अस्तित्वातच नाही, असे समजण्याचे कारण नाही.

या दृष्टीने विषयाच्या आधुनिक इतिहासातील पहिला लेख पुन्हा वाचण्याजोगा आहे. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयरिश वैद्य १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. १८३९ मध्ये त्याने गांजाच्या औषधी कल्पांविषयी विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. आधी देशी परंपरेचा शोध, ज्यात त्याने पंडितांचे व हकिमांचे साहाय्य घेतले. नंतर जनावरांवरील प्रयोग. आणि त्यानंतर संधिवात, पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची बाधा, पटकी, धनुर्वात अशा विकारांतील रोग्यांचे वृत्तांत. संधिवाताच्या तीन रोग्यांना त्याने राळेची सारखीच मात्रा दिली. एक बडबड करू लागला, गाऊ लागला आणि अखेर त्याचे अवयव जसे ठेवावे तसेच राहू लागले. गांजा ओढण्याची सवय असलेल्या रोग्यावर मात्र काहीच परिणाम झाला नाही. ओशॉनेसीने हे दोन्ही लिहून ठेवले. निबंधात अतिसेवनाने होणाऱ्या उन्मादावर त्याने स्वतंत्र प्रकरणही घातले.

जलसंत्रासाच्या रोग्याचा वृत्तांत सर्वांत उद्बोधक आहे. तो रोगी दगावला. परंतु पाण्याच्या नुसत्या दर्शनाने ज्याला झटके येत, त्याच्या घशाखाली औषधानंतर काही अन्न व रस उतरला, आणि त्याचे हाल कमी झाले. आपण रोग बरा केला असा दावा ओशॉनेसी करीत नाही. मरण टळत नसेल तरी यातना हलक्या करणे हेही वैद्याचे कार्य आहे, एवढीच त्याची भूमिका आहे. आजच्या कसोटीने हा पुरावा फार दुबळा : रोगी मोजके, तुलनेसाठी गट नाही, औषधाची तीव्रता अनिश्चित. पण दावा आणि पुरावा यांचे माप येथे एकमेकांशी जुळते. हा गुण पुढील वाङ्मयात अधिकाधिक दुर्मिळ होत गेला.

त्या औषधाचे पुढे काय झाले तेही पाहावे. युरोपात गेलेल्या अर्काचा जोर एका बाटलीत एक तर दुसरीत दुसराच असे. राळ पाण्यात विरघळत नसल्यामुळे ती टोचता येईना. याउलट मॉर्फिन टोचता येऊ लागले आणि शतकाच्या अखेरीस अॅस्पिरिनही आले. म्हणजे पुढील शतकातील निर्बंधांच्या आधीच गांजाचे वैद्यकीय स्थान ढळू लागले होते. एक परिणामकारक औषध केवळ राजकारणाने दडपले गेले, ही आज लोकप्रिय झालेली कथा म्हणूनच अर्धीच खरी आहे.

आता २०१७ च्या अहवालाकडे वळू. जीर्ण वेदनेविषयीच्या त्याच्या निर्णयाचा मुख्य आधार म्हणजे २०१५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेले एक संकलित परीक्षण. त्यातील आठ प्रयोगांच्या बेरजेत, वेदना निदान ३० टक्क्यांनी कमी झालेल्या रोग्यांचे प्रमाण औषधाच्या गटात ३७ टक्के, तर निष्प्रभ औषधाच्या गटात ३१ टक्के आढळले. संभाव्यतेचे गुणोत्तर १.४१ आले, परंतु त्याची विश्वासमर्यादा ०.९९ ते २.०० अशी होती. म्हणजे परिणाम मुळीच नाही ही शक्यताही तिच्या आत, काठावर का होईना, बसत होती. शंभर रोग्यांमागे सुमारे सहांचा हा अधिक लाभ आहे; आणि ‘भरीव’ हे विशेषण पुराव्याला लावलेले आहे, लाभाला नव्हे. समितीच्या परिभाषेत हा भेद आहे. पण वृत्तपत्रांतून, जाहिरातींतून व विधिमंडळांतून तो पार पुसला गेला. ज्या शब्दाचा असा विपर्यास होणार हे उघड दिसत होते, त्याच्याशेजारी लाभाचा आकडा ठळकपणे मांडणे समितीचे कर्तव्य होते.

पुढील परीक्षणांनी हेच चित्र दृढ केले. मज्जातंतूंच्या वेदनेसंबंधी २०१८ च्या कॉक्रेन परीक्षणात १६ प्रयोग व १,७५० रोगी होते. वेदना निम्म्याने कमी झालेले रोगी औषधाच्या गटात २१ टक्के, तर दुसऱ्या गटात १७ टक्के. त्रास झाल्यामुळे औषध सोडणारे मात्र १० टक्के विरुद्ध ५ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका परीक्षणाने असा हिशेब मांडला की, एका रोग्याच्या वेदनेत ३० टक्के घट व्हावी म्हणून २४ जणांना औषध द्यावे लागते, आणि सहा जणांमागे एकाला त्याचा काही अपाय होतो. २०२५ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ८२० रोग्यांवरील बारा आठवड्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. एका प्रमाणित अर्काने वेदना कमी झाली. पण निष्प्रभ औषधाशी तुलना करता फरक शून्य-ते-दहाच्या मापावर सरासरी ०.६ अंकांचा होता. औषधाने काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यास हा प्रयोग गप्प करतो. फार काही होते असे म्हणणाऱ्यासही.

यावर एक आक्षेप संभवतो. सरासरी ही कोणाही एका रोग्याची वेदना नसते. सहा जणांना झालेला लाभ त्या सहांच्या दृष्टीने संपूर्णच असतो. हा आक्षेप योग्य आहे, आणि २०२१ ची सौम्य शिफारस याच भूमिकेवर उभी आहे. मात्र ते सहा जण कोणते, हे आधी ओळखण्याची रीत अद्याप कोणी दिलेली नाही. शिवाय या औषधाच्या प्रयोगांत एक अंगभूत दोष आहे. गुंगी येते तेव्हा आपल्याला खरे औषध मिळाले हे रोग्यास कळते, आणि कळल्यावर अपेक्षा वाढते. अपेक्षेचा प्रभाव केवढा असतो हे २०२२ मधील एका परीक्षणाने दाखविले. २० प्रयोगांतील १,४५९ रोग्यांपैकी ज्यांना निष्प्रभ औषध मिळाले, त्यांचीही वेदना लक्षणीय प्रमाणात उतरली होती. वृत्तपत्रांनी या प्रयोगांची प्रसिद्धी केली ती बहुतांशी अनुकूल होती, मग निष्कर्ष काहीही असोत. अशा प्रसिद्धीने पुढच्या प्रयोगातील रोग्याची अपेक्षा आधीच घडवून ठेवावी, हे असंभवनीय नाही.

पुराव्याच्या दुरुपयोगाचे आणखी एक उदाहरण नैयायिकांच्या परिभाषेत मांडणे सोयीचे होईल. ज्या अमेरिकी राज्यांनी वैद्यकीय गांजास परवानगी दिली, तेथे १९९९ ते २०१० या काळात अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे २५ टक्के कमी होते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गांजामुळे मृत्यू टळतात, असे अनुमान लगोलग निघाले. २०१९ मध्ये तीच पद्धत २०१७ पर्यंतच्या आकड्यांस लावली तेव्हा संबंध उलटा झाला : मृत्यू सुमारे २३ टक्के अधिक. जेथे अग्नी तेथे धूर, ही व्याप्ती ओल्या सरपणाच्या उपाधीवर अवलंबून असते, हे न्यायशास्त्राच्या प्रारंभिक विद्यार्थ्यासही ठाऊक असते. येथील उपाधी कोणती हे न शोधताच कायद्यांची समर्थने रचली गेली. ऑस्ट्रेलियात जीर्ण वेदनेच्या सुमारे दीड हजार रोग्यांचा चार वर्षे मागोवा घेतला असता, गांजामुळे त्यांची वेदना किंवा अफूवर्गीय औषधांची गरज कमी झाल्याचे दिसले नाही.

आपल्याकडील वाङ्मयात दोष निराळा आहे. येथे प्राचीनतेलाच प्रमाण मानण्याकडे कल असतो. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख आहे. शार्ङ्गधरसंहितेत भांग व अफू ही ‘व्यवायी’ द्रव्यांची, म्हणजे पचण्यापूर्वीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांची, उदाहरणे म्हणून येतात. हे निरीक्षण मार्मिक आहे यात शंका नाही. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस सापडलेल्या ग्राहीरेणूंचे ज्ञान त्यात वाचणे हा ग्रंथाचा गौरव नसून त्याच्या अर्थावरील बलात्कार आहे. १९९२ मध्ये मेंदूत आढळलेल्या सजातीय रसायनास संशोधकांनी ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. त्यावरून आपल्या पूर्वजांस ते रसायन माहीत होते असे ठरत नाही. तीच गोष्ट १८९३–९४ च्या भारतीय गांजा आयोगाची. १,१९३ साक्षी घेऊन आयोगाने, माफक सेवनाचे दुष्परिणाम नगण्य आहेत व बंदी घालणे इष्ट नाही, असे म्हटले. पण त्याच्यापुढील मुख्य प्रश्न सामाजिक व नैतिक अपायाचा आणि कराचा होता. त्याचा अहवाल औषधी गुणांचे प्रमाणपत्र म्हणून पुढे करणे अप्रस्तुत आहे.

हा वाद केवळ पंडिती नाही. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्यांविषयीच्या अधिनियमाने गांजा व चरस निषिद्ध केले आणि पानांची भांग त्या व्याख्येबाहेर ठेवली. त्याच अधिनियमाच्या जाचक अटींमुळे मॉर्फिनही दुर्मिळ झाले, आणि कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील असंख्य रोगी उपशमाविना राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने त्या अटी सैल झाल्या, पण औषध रोग्याच्या उशाशी पोहोचण्याचे काम कायद्याने आपोआप होत नाही. ज्याचा गुण निर्विवाद आहे असे औषध त्या रोग्याला मिळत नसता, ज्याचा गुण अल्प व अनिश्चित आहे अशा औषधाभोवती सारी चर्चा फिरत राहावी, ही विसंगती आपल्या टीकाकारांनी ध्यानी घ्यावयास हवी.

तात्पर्य, आजच्या पुराव्यावरून असे म्हणता येते : प्रमाणित मात्रेतील काही द्रव्ये काही रोग्यांच्या जीर्ण वेदनेत, विशेषतः मज्जातंतूंच्या विकारात, थोडी घट करतात, अपाय त्याहून अधिक वेळा, पण बहुधा सौम्य स्वरूपाचे होतात, आणि दीर्घकालीन परिणामांविषयी प्रयोग अपुरे आहेत. हे वाक्य घोषणेच्या उपयोगाचे नाही. तथापि वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्या माणसाला आशा दाखवावयाची ती किती, याचे उत्तर याच वाक्यात आहे. ओशॉनेसीने रोग्याच्या मृत्यूची नोंद करूनही त्याच्या यातना हलक्या झाल्याचे सांगितले, आणि दोहोंपैकी एकही गोष्ट लपविली नाही. त्याच्यापेक्षा शतपट समृद्ध साधने हाती असलेल्या आजच्या लेखकांकडून याहून कमी प्रांजळपणाची अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.