क्रोशाला परीक्षक हवेत

रत्नागिरीत लग्नाच्या हॉलमध्ये रुखवताचे टेबल मांडले, की त्याभोवती सगळ्यात आधी जमतात त्या दोन्हीकडच्या आत्या, माम्या आणि काकू. एके काळी या टेबलावर क्रोशाचा रुमाल, ताटावरचे झाकण, दाराचे तोरण, बाळकृष्णाचे झबले हमखास असायचे आणि नुसते लांबून पाहून कोणाचे समाधान होत नसे. रुमाल उचलला जाई, उलटा केला जाई. दोरा कुठे जोडला, गाठ दिसते का, कड सपाट बसली की चुणीसारखी वर आली, याची तपासणी तिथल्या तिथे होई. वधूच्या आईच्या जिवाला घोर लागे हे खरे. पण क्रोशाच्या कामाची जाणकार समीक्षा मराठी समाजात कुठे होत असेल, तर ती याच टेबलापाशी.

आता रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते. क्रोशा मात्र संपलेला नाही. उलट, इतक्या हातांत तो पूर्वी क्वचितच असेल. नमुना मिळवायला मावशीचा रुमाल मागून आणून टाके मोजत बसावे लागत नाही. फोनवर व्हिडिओ दिसतो, खुणांचा तक्ता दिसतो आणि संध्याकाळपर्यंत केलेल्या कामाचा फोटो चार गटांत फिरतो. साखळी, खांब, मुका खांब एवढी बाराखडी आली, की जपानी अमिगुरुमी पद्धतीचे खेळण्यातले अस्वल रत्नागिरीच्या पडवीतही तयार होते.

फोटोखाली मात्र ‘मस्त’, ‘अप्रतिम’, ‘किती गोड’ याखेरीज काही येत नाही. फोटोत उलटी बाजू दिसत नाही, ताण हाताला लागत नाही, धुतल्यावर आकार राहतो का हे कळत नाही. देवाणघेवाण वाढली आणि पारख मागे पडली, ही या कलेची आजची अवस्था आहे.

परिणाम डोळ्यांसमोर आहेत. सूर्यफुलांचे गुच्छ, मधमाशीची किचेन, केसांचे चाप: सगळीकडे तेच, त्याच रंगांत. बारीक सुती दोऱ्याचे काम मागे सरून जाड मिल्क कॉटन आणि ॲक्रिलिक पुढे आले. यात नुसती फॅशन पाहणे अन्यायाचे होईल. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे सुती रुमालावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, खळ दिलेला असेल तर लवकरच. ॲक्रिलिक पटकन वाळते आणि त्याला कसर लागत नाही. थंडीच नसल्याने कोकणात लोकरीचे काम कुंची आणि पायमोज्यांपुरतेच होते. खेळण्यांनी लोकरीला नवे काम दिले. पण जाड धाग्यात नजर फसते आणि चूक लपते.

सुती कामात काय जाते आहे, हे तोरणात दिसते. ‘सुस्वागतम्’ किंवा ‘शुभ लाभ’ लिहिलेले तोरण चौकटींच्या जाळीत विणतात. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब, ही रिकामी चौकट. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की चौकट भरते. देवनागरीची शिरोरेषा या पद्धतीला फारच मानवते, भरलेल्या चौकटींची एक सरळ ओळ पुरते. काने उभे उतरतात. कसोटी लागते ती वेलांटीची आणि ‘ळ’च्या पोटाची, कारण गोलाई पायऱ्या-पायऱ्यांनीच काढावी लागते. चांगली विणणारी तिथे जाळी बारीक घेते, अक्षर मोठे करते किंवा एखादी चौकट रिकामी सोडून डोळ्याला वळण भासवते. हा निर्णय तक्त्यात नसतो, तो तिचा असतो.

संख्येच्या बाबतीत भारतीय क्रोशाने जग जिंकले आहे. चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने 31 जानेवारी 2016 रोजी 11,148.5 चौरस मीटरची गोधडी जोडून गिनीज विक्रम केला. ठिकठिकाणाहून आलेले चौकोन एकत्र जोडणे ही संघटनेची कमालच होती. पण विक्रमात चौकोन मोजले जातात, तोलले जात नाहीत.

दुसरी वाट मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी 2005 मध्ये लॉस एंजेलिसमधून दाखवली. मुक्या खांबांच्या वर्तुळात दर फेरीला 6 टाके वाढवले तर ते सपाट बसते. त्याहून जास्त वाढवत गेले तर कडेला चुण्या पडतात. रुखवतापाशी आत्याने काढली असती ती हीच खोड. गणितज्ञ डायना टायमिन्या यांनी 1997 मध्ये तिच्यातून अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीची हाताळता येणारी प्रतिकृती केली आणि वर्थाइम भगिनींनी त्याच खोडीतून विणलेली प्रवाळभित्ती उभी केली. अनेक शहरांतल्या बायकांनी तिच्यात भर घातली. 2019 मध्ये ती व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात मांडली गेली. प्रवाळ कोकणालाही परके नाही: विजयदुर्गापासून समुद्रात सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रे बँक हे खरेखुरे प्रवाळक्षेत्र आहे. गणपतीच्या वर बांधलेल्या माटवीला कवंडळे, कांगण्या, सुपारीचे घोस टांगले जातात. विषय शोधायला कोकणातल्या विणणारीला सूर्यफुलापर्यंत जायची गरज नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. क्रोशाचे अस्सल काम कारखान्यातल्या यंत्रावर होत नाही, म्हणजे मॉलमधला स्वस्त टॉप खरोखर क्रोशाचा असेल, तर तोही कुणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या लेसकामाचा अभ्यास करून मारिया मीस यांनी 1982 च्या पुस्तकात दाखवले, की परदेशी जाणारा माल विणणाऱ्या बायका ‘गृहिणी’ ठरवल्या गेल्यामुळे त्यांच्या श्रमाची मजुरी नाममात्र राहिली. त्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते, तासांचा हिशेब होत नाही.

‘फावल्या वेळातले’ हा शिक्का रत्नागिरीतही पक्का आहे. गणपतीपुळ्याच्या बचत गटांच्या ‘सरस’ प्रदर्शनात आंबापोळीचा भाव किलोवर ठरतो. तोरणाचा भाव ‘एवढ्याशा दोऱ्याचे एवढे?’ या प्रश्नावर ठरतो आणि विणणारीही दोऱ्याच्या दुप्पट सांगून गप्प बसते. तोरणाला अडकवलेल्या चिठ्ठीवर किमतीशेजारी दोऱ्याचा नंबर, लागलेले तास आणि नमुना कोणाचा, एवढे लिहिले तरी गिऱ्हाइकाला दोन तोरणांत फरक का आहे ते विचारता येईल, आणि विणणारीला त्याचे उत्तर द्यावे लागेल.